दिलाशाचा खण

माझा भाऊ शब्दकोशाच्या ऑफिसात कामाला आहे. तेहतीस वर्षं झाली. लोक विचारतात, म्हणजे नक्की करतो काय? मी सांगते, चतकोर कागदाच्या चिठ्ठ्या लिहितो आणि खणात ठेवतो. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. नाही हो, खरंच एवढंच करतो. तेवढ्याच वर्षांत मी लॉन्ड्री चालवली, परक्यांच्या कॉलरींचा मळ काढला, दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली, आणि मला आजवर कुणी ‘मॅडम’ म्हटलं नाही. ह्याला मात्र ‘सर’ म्हणतात.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बुद्धी सगळी त्याच्या वाट्याला आली आणि जीभ सगळी माझ्या, असं आई म्हणायची. भाजी घ्यायला गेला तरी आधी थांबेल, चष्मा वर करेल, नेमका शब्द शोधेल. तोवर भाजीवाला मागच्या तिघांना मोकळं करतो. वहिनी होती तोवर दोघांचं मिळून तीच बोलायची. ती जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात फक्त रेडिओ बोलतो.

कोशाचं काम असं असतं, की एकेकाला शब्दांचा एकेक गठ्ठा वाटून देतात. तो शब्द माणसं कुठे आणि कसा वापरतात ते हुडकायचं. प्रत्येक वाक्याला एक चिठ्ठी. वर शब्द, मधे वाक्य, खाली कोण म्हणालं आणि कधी. दोन वर्षांपूर्वी दादाच्या वाट्याला दिलाशाचा गठ्ठा आला. दिलासा, धीर, सांत्वन, समजूत, उसंत, विसावा, हायसं वाटणं, जीव भांड्यात पडणं, असं ते सगळं गणगोत. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला ‘होईल हो बरं’ एवढंसुद्धा म्हटलं नाही, त्याच्याकडे दिलासा! मी ऐकलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली माझी.

हसण्यामागे राग होता, लपवत नाही. बावीस वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. सकाळी इस्त्री करता करता छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटपलं. लोक आले, बोलले, चहा पिऊन गेले. सख्खा भाऊ मात्र एक शब्द बोलला नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट दुकानात यायचा, पिशवी खुर्चीवर ठेवायचा आणि चादरीचं दुसरं टोक धरायचा. हॉटेलच्या डबलच्या चादरी असायच्या, एकटीला घडी घालता येत नाही. हे टोक आधी नवरा धरायचा. दादा दीड महिना येत होता, आणि दीड महिना माझ्या घड्या वाकड्या आल्या. मी मनात म्हणायचे, अरे ठोंब्या, तोंड कशाला दिलंय तुला? दुकान बंद करायचं मी तेव्हा अगदी ठरवलं होतं. मग नाही केलं, ते सोडा. पण हा बोलला नाही, ते मी मनात ठेवलं.

आता छकुलीचं. छकुली म्हणजे दादाची लेक, माझी भाची. एकतीस वर्षांची घोडी आहे, पण घरात छकुलीच. तिचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. दवाखान्यातून जावयाने तिला थेट बापाकडे आणून सोडलं, कारण त्याला परगावी नोकरीवर हजर व्हायचं होतं. रविवारी येतो, पलंगाच्या कडेला बसतो, मोबाइल बघतो, जातो. छकुली मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. रडत नाही, बोलत नाही, जेवत तर नाहीच. दादाने मला फोन केला आणि नुसता श्वास घेत राहिला. मी म्हटलं, कळलं, येते. बॅग भरून गेले.

तपासायला डॉक्टरीणबाई घरी आल्या. वजनकाटा सोबत आणला होता. आकडा बघून त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी परत बघते. आणखी कमी झालं, तर भरती करून सलाईन लावावं लागेल.” भरती कुठे, तर त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर. तेव्हा छकुली दोन शब्द बोलली. “तिथे नाही.” एवढंच. सोमवार अकरा दिवसांवर होता आणि पोरीच्या पोटात दिवसाला दोन घोट चहा जात होता.

आणि भेटायला येणारी माणसं! कुठून उगवतात कोण जाणे. शेजारीण आली ती दारातूनच, “अजून वय आहे गं, होईल दुसरं.” जणू कप फुटलाय. जावयाची मावशी म्हणाली, “चेहरा बघितला नाहीस ना? मग बरंच झालं, जीव कमी अडकतो.” एकीने तिच्या नणंदेचं नवव्या महिन्यात कसं गेलं ते साग्रसंगीत ऐकवलं, म्हणजे हिचं सातव्यातलं त्यापुढे काहीच नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, “देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल.” मी म्हटलं, असेल तर देवाला सांगा, जरा लवकर कळव. ते परत आले नाहीत, बरं झालं. आणि ह्या सगळ्या वेळात दादा काय करत होता? दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकत होता. एकाला हाकलेल, एकाला म्हणेल की बास आता? छे. मान खाली घालून बसायचा आणि माणूस गेला की खिशाशी हात जायचा.

मी गप्प बसणारी नव्हे. पहिल्याच आठवड्यात बुधवारी सकाळी मी तिच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि सुनावलं. “जगात तुझं एकटीचंच गेलंय का? मी नाही उभी राहिले? ऊठ, तोंड धू.” कुणीतरी खडसावायला हवंच होतं. बाकी सगळे गुळगुळीत बोलून जात होते, म्हटलं, निदान मी तरी खरं बोलते. ती उठली नाही, पण मला वाटलं, आत कुठेतरी लागलं असेल.

नंतरच्या आठवड्यात गुरुवारी मी दादाचे शर्ट धुवायला काढले. लॉन्ड्रीवालीची सवय, आधी खिसे बघायचे. तीस वर्षांत लोकांच्या खिशातून मी दात काढलेत, अंगठ्या काढल्यात, दुसऱ्याच बाईचे फोटो काढलेत. दादाच्या खिशातून चिठ्ठ्या निघाल्या. ऑफिसच्याच, त्याच मापाच्या. वाचल्या आणि माझं डोकं फिरलं.

‘अजून वय आहे गं, होईल दुसरं.’ खाली, शेजारीण, मंगळवार दुपार. ‘चेहरा बघितला नाहीस ना? मग बरंच झालं.’ खाली, जावयाची मावशी. देवाच्या मनातलं चांगलंही होतं. ‘ताई, हे धरा जरा, मी पेन शोधतो,’ असं पार्सलवाल्याचं कायतरी, ते कशाला लिहिलं कळलं नाही. एका चिठ्ठीवर मी. ‘जगात तुझं एकटीचंच गेलंय का?’ वर शब्द, ‘धीर’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. खरं सांगते, त्या संतापातही मला क्षणभर वाटलं, ह्या सगळ्या फालतू वाक्यांत निदान माझं एक धड आहे.

पण पोटची पोर वाळत चाललीय आणि हा गाढव तिच्या उशाशी शब्दकोशाची उदाहरणं गोळा करतोय! हात पुसले नाहीत, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि तशीच ऑफिसात गेले.

तिसरा मजला. लांबलचक खोली, छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येकावर पितळी कडी आणि कागदाची पट्टी. खिडकी रंग लावताना कधीतरी चिकटली ती आजतागायत उघडलेली नाही. पाच-सहा माणसं, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर, आणि तरी प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. शेजारच्या टेबलावरचा टकल्या डबा खात होता, त्याचा घास तोंडापाशीच राहिला. मी चिठ्ठ्या दादाच्या पुढ्यात आपटल्या.

“लाज नाही वाटत? लेकीचं दुःख खणात भरतोस? पगारवाढ मिळते का ह्यावर?”

दादाने चष्मा वर केला. थांबला. शब्द शोधत बसला. मला वाटलं, आता हाणते एक.

“उलटून बघितल्यास?” तो म्हणाला.

नव्हत्या बघितल्या. कॉलर उलटून बघणारी मी, पँटचे पाय आतून बाहेर काढून बघणारी मी, चिठ्ठी उलटली नव्हती.

शेजारणीची उलटली. मागे बारीक अक्षरात, ‘नंतर : भिंतीकडे वळली.’ मावशीची, ‘नंतर : डोळे मिटले. चहा तसाच.’ देवाच्या मनातलं, ‘नंतर : काही नाही.’ पार्सलवाला, ‘नंतर : धरलं. दारात चार मिनिटं उभी होती. केस सारखे केले.’ मग माझी. मला ती उलटायची नव्हती, पण टकल्या बघत होता.

‘नंतर : दुपारी जेवली नाही. संध्याकाळी नाही. मला विचारलं, आत्या कधी जाणार.’

मी खुर्ची ओढून बसले. माझे गुडघे दुखतात, म्हणून बसले, असं मी टकल्याला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

दादा म्हणाला, “ही वाक्यं कोशाची नाहीत. माझी आहेत. त्रेपन्न वाक्यं झाली. एकही लागू पडत नाही. सोमवार चार दिवसांवर आलाय.”

“मग तू बोल की काहीतरी! बाप आहेस ना?”

“काय बोलू?” त्याने खरोखर विचारलं. पेन्सिल हातात, जणू मी सांगेन आणि तो उतरवून घेईल. इतका शिकलेला माणूस आणि इतका बिनकामाचा, मला त्याची कीव येण्याऐवजी चीडच आली. मी म्हटलं, पाणी आण आधी. तो पाणी आणायला गेला.

मी समोरचा खण ओढला. पट्टीवर ‘दिलासा’ लिहिलं होतं. कुणाचं काय चोरायचं नव्हतं मला, हात रिकामे होते एवढंच. शेकडो चिठ्ठ्या, पांढऱ्या, एकसारख्या, आणि अगदी मागे एक पिवळी पडलेली. अक्षर दादाचंच, पण तरुण. ‘धीर धर.’ खोडलेलं. ‘सगळं ठीक होईल.’ खोडलेलं. ‘मी आहे.’ हे दोनदा खोडलेलं. त्याखाली, ‘चादरी.’ आणि खाली, ‘बहीण, दुकान,’ आणि बावीस वर्षांपूर्वीची तारीख. उलटली. मागे ‘नंतर :’ एवढंच लिहिलेलं. पुढे कोरं. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली. दादा पाणी घेऊन आला तेव्हा खण बंद होता. पाणी कोमट होतं, ते मी त्याला सांगितलं आणि निघाले.

घरी आले. कपाट उघडलं. दादाच्या कपाटात चादरींची चळत होती, सगळ्या त्याने घडी घातलेल्या, म्हणजे चारही कोपरे चार दिशांना. सगळ्या काढल्या, भराभरा विस्कटल्या आणि मागच्या खोलीत नेऊन टाकल्या.

“ए, ऊठ. हे टोक धर.”

हालचाल नाही.

“मला एकटीला डबलची होत नाही. धर म्हणते ना.”

कधी नव्हे ते माझं बोलणं तिथेच संपलं. नाहीतर माझी गाडी अशी थांबत नाही. मी नुसती टोक पुढे करून उभी राहिले. हात भरून आला. मनात म्हटलं, नाही उठली तर सोमवारी तिला त्याच मजल्यावर न्यायचंय, आणि न्यायला तूच बरोबर जाणार आहेस. बऱ्याच वेळाने छकुलीने पाय खाली सोडले. टोक धरलं. पण धरलं काय, बोटांत अडकवलं. चादर जमिनीवर लोळायला लागली.

“ताण! फडकं आहे का ते? ताण, मेले!”

ताणलं. दोघी लांब गेलो, चादर सरळ झाली. दोघी जवळ आलो, तिने तिची टोकं माझ्या हातात दिली, खाली वाकून मधली बाजू उचलली. परत लांब, परत जवळ. लहानपणी सुट्टीत दुकानात यायची तेव्हा मीच शिकवलं होतं तिला. हात विसरत नाहीत. तीन चादरी झाल्या, चार झाल्या. पाचवीला तिला धाप लागली, पण टोक सोडलं नाही.

“आत्या, ह्यांच्या घड्या होत्या की आधी.”

“होत्या. तुझ्या बापाने घातलेल्या. त्याला घडी म्हणतात का?”

तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि ढिगातून पुढची ओढली. ती चादर नव्हती. दुपटं होतं. पिवळं, मऊ, काठाला टाके घातलेलं. तिनेच शिवून इथे आणून ठेवलं असणार, बाळंतपण इथे होणार म्हणून. वर मोठ्या चादरी, खाली हे. मला दिसायला नको होतं का? अक्कल कुठे गेली होती माझी? दुपटं हातात धरून मी तशीच उभी.

छकुली पुढे आली आणि तिने दुपट्याची दोन टोकं धरली.

एवढंसं दुपटं, त्याला कशाला दोन माणसं लागतात? एका हाताने घडी होते. पण धरलं तिने, मग मीही धरलं. लांब जायला जागाच नव्हती त्यात, दोघींचं डोकं एकमेकीला लागत होतं. एक घडी घातली. दुसरी घातली. तिसऱ्या घडीला ते तळहाताएवढं झालं आणि छकुली रडायला लागली. तोंड उघडं ठेवून, शेंबूड येईपर्यंत, लहान पोर रडतं तशी. मी काहीही म्हणाले नाही. खरंच नाही म्हणाले. दुपटं दोघींच्या हातांत होतं आणि संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

दादा ऑफिसातून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून पाव खात होती. दोन पाव आणि एक उकडलेलं अंडं. दारातून त्याने ते बघितलं आणि त्याचा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, “लिहिलंस तर हात मोडेन.” त्याने हात खाली घेतला. मग चुपचाप आत आला, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तिच्या समोर बसून उरलेल्या पावाला लोणी लावायला लागला. बोलला काही नाहीच. पावाचा चुराडा केला, तेवढा मात्र केला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी काटा लावला. वजन कमी नव्हतं. दोनशे ग्रॅम जास्तच होतं. त्या म्हणाल्या, “बघू आणखी आठवडाभर.” फार काही नाही, पण त्या मजल्यावर जायचं टळलं. छकुलीने काट्यावरून उतरून मला विचारलं, “आत्या, तू कधी जाणार?” मला माझी चिठ्ठी आठवली. मग म्हणाली, “पडद्यांच्या घड्या राहिल्यात.”

त्या दुपारी मी पर्समधून पिवळी चिठ्ठी काढली. लॉन्ड्रीतलं पेन माझ्याकडे असतंच, कपड्यांवर नंबर घालायचं, त्याची शाई कितीही धुतलं तरी जात नाही. चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली. ‘नंतर’च्या पुढे लिहिलं.

‘घड्या वाकड्या आल्या. दुकान बंद केलं नाही.’

आणि चिठ्ठी दादाच्या उद्याच्या शर्टाच्या खिशात घातली.